रकान्यापुढे थांबलेली लेखणी : अमेरिकेतील मिश्रवंशीय विद्यार्थी आणि शिष्यवृत्तीचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्यापाशी मी चार वर्षे इतिहास शिकलो. सनावळ्या घोकून घेण्यावर त्यांचा भर नव्हता. एखादा जुना कागद समोर आला, की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात कोणाचे नाव गाळले, हे विचारल्याखेरीज वही मिटायची नाही, अशी त्यांची शिस्त होती. आज मी आपल्यापुढे जो कागद ठेवणार आहे, तो एखादे फर्मान नाही की तहनामा नाही. तो आहे शिष्यवृत्तीच्या अर्जाचा कागद, आणि त्यातही त्याचा एकच रकाना.

हा विषय मी निवडला नाही, तो माझ्या घरी चालत आला. माझी मुलगी शिक्षणासाठी अमेरिकेस गेली आणि तेथेच स्थायिक झाली. तिचे यजमान कृष्णवर्णीय अमेरिकन आहेत. त्यांची मुलगी, म्हणजे माझी नात, २०१७ साली महाविद्यालयात जाण्याच्या तयारीत होती. एके रात्री तिचा फोन आला. तिच्यासमोर दोन शिष्यवृत्त्यांचे अर्ज होते. दोन्ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या. तिच्या वडिलांचे म्हणणे, दोन्ही अर्ज भर. या रकान्याने आपल्या घराण्याकडून तीनशे वर्षे वसुली केली, आता तो काही देऊ लागला तर संकोच कशाचा? तिच्या आईचे म्हणणे, एकही भरू नकोस. आपल्याला कमी काय आहे? वर्गातल्या मैत्रिणी म्हणत, तू तर इंडियन! आणि ती मला विचारत होती, "आजोबा, तुम्ही इतिहास शिकवलात ना, मग सांगा, मी खूण करू का?"

मी तत्काळ उत्तर दिले, "गुणांवर मिळेल ते घ्यावे. बाकीच्याच्या वाटेला जाऊ नये." ती क्षणभर गप्प राहिली आणि तिने मला एक उलट प्रश्न विचारला. तो प्रश्न मी शेवटी सांगेन, कारण त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला माझाच विषय पुन्हा पहिल्या पानापासून वाचावा लागला.

१. एका थेंबाचा कायदा

मनुष्य 'अर्धा' कोणता आणि 'पाव' कोणता, हा हिशेब अमेरिकेत विद्यार्थ्यांनी सुरू केला नाही. तो गुलामांच्या धन्यांनी सुरू केला. व्हर्जिनियाच्या वसाहतीत १६६२ साली असा कायदा झाला, की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल; आई गुलाम तर मूलही गुलाम. इंग्लंडच्या रूढीत मूल बापाच्या नावाने ओळखले जाई. मग ही रूढी समुद्र ओलांडताच उलटी का झाली? उत्तर उघड आहे. गुलाम स्त्रीला गोऱ्या धन्यापासून मूल झाले, तर ते वारस ठरू नये, मालमत्तेत जमा व्हावे, ही सोय होती.

आपल्याकडे उलट रीत होती. मूल बापाच्या जातीचे, कारण घर, शेत आणि वतन बापाच्या नावावर. तिकडे मूल हीच मालमत्ता म्हणून आईचा दर्जा, इकडे मालमत्ता बापाची म्हणून बापाचा दर्जा. रूढी वेगवेगळ्या असल्या तरी दोन्हीकडे रक्ताच्या गोष्टीआड जमाखर्चाची वही होती.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी दास्यविमोचनासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केले, हे आपण जाणतोच. परंतु गुलामगिरी गेली तरी रक्ताचा हिशेब गेला नाही, उलट तो बारीक झाला. १८५० च्या जनगणनेपासून 'म्युलॅटो', म्हणजे मिश्र, असा वर्ग होता. १८९० मध्ये त्यात चतुर्थांश आणि अष्टमांश रक्ताचे वर्ग वाढले. घरोघर जाणारा प्रगणक चेहरा पाहून अपूर्णांक लिहीत होता! त्याच सुमारास, १८९२ मध्ये, न्यू ऑर्लिन्सचे होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसले. त्यांच्या आठ भागांपैकी सात भाग गोरे होते. तरी त्यांना अटक झाली, आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्का मारला. १९२४ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने तर अपूर्णांकही काढून टाकले. आफ्रिकी रक्ताचा थेंब असला की माणूस काळा. अपवाद एकच होता. सोळाव्या भागापर्यंत मूळ अमेरिकन रक्त असलेल्यांना गोरे मानले गेले, कारण पोकाहॉन्टस या राजकन्येचे वंशज म्हणवणारी बडी घराणी त्यावाचून अडचणीत आली असती.

१९३० मध्ये जनगणनेतून 'म्युलॅटो' हा वर्ग निघाला. मिश्र माणसे नाहीशी झाली नव्हती, त्यांचा रकाना तेवढा नाहीसा झाला. गंमत अशी, की त्याच जनगणनेत 'हिंदू' हा एक वंश म्हणून नोंदला जात होता. हिंदुस्थानातून गेलेला शीख असो वा मुसलमान, कागदावर तो 'हिंदू' वंशाचा! १९७० साली हेच लोक 'गोरे' गणले गेले आणि १९८० साली त्यांना स्वतंत्र नोंद मिळाली. माझ्या नातीच्या आईकडील रक्ताला पन्नास वर्षांत तीन नावे मिळाली. रक्त तेच होते.

२. दोन अर्जदार

या इतिहासात मिश्र रक्ताच्या विद्यार्थ्याने राखीव शिष्यवृत्तीसाठी अर्ज केल्याचे एक जुने आणि ठळक उदाहरण आहे. नॉर्विच येथील गिरणीमालक जॉन स्लेटर यांनी १८८२ मध्ये दहा लाख डॉलर देऊन मुक्त झालेल्या गुलामांच्या व त्यांच्या वंशजांच्या शिक्षणासाठी निधी स्थापन केला. निधीचे अध्यक्ष होते माजी राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेज. १८९० च्या नोव्हेंबरात त्यांचे एक भाषण वृत्तपत्रांत आले. युरोपात पाठवण्याजोगा कृष्णवर्णीय तरुण सापडला तर निधी पैसे देईल, पण आजवर वक्त्यांवाचून कोणी आढळला नाही, असा त्याचा आशय होता. हार्वर्डमधील एका विद्यार्थ्याने हे वाचले आणि अर्ज धाडला. तो विद्यार्थी म्हणजे विल्यम ड्यू बॉईस.

ड्यू बॉईस यांच्या पूर्वजांत आफ्रिकी होते, तसे फ्रेंच आणि डचही होते. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. पण आपण कोण, या प्रश्नाला त्यांनी अपूर्णांकात उत्तर दिले नाही. ज्या समाजाबरोबर आपल्याला बसवले जाते, ज्याचे अपमान आपल्या वाट्याला येतात, तो समाज आपला, हे त्यांनी निश्चित केले होते. हेज यांनी कळवले, की ती योजना आता रद्द झाली आहे. ड्यू बॉईस हटले नाहीत; मागे लागून, प्रशस्तिपत्रे पाठवून त्यांनी १८९२ मध्ये साडेसातशे डॉलर मिळवले, निम्मे देणगी म्हणून आणि निम्मे कर्जाऊ. ते बर्लिनला गेले. पुढे मुदत वाढवून मिळाली नाही आणि बर्लिनची पदवी हातची गेली. १८९५ मध्ये हार्वर्डने त्यांना डॉक्टरेट दिली. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

बडोद्यात बसून हे वाचताना दुसरा एक अर्जदार आठवल्यावाचून राहत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले आणि कराराप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात ते याच शहरात नोकरीस आले. पुढे काय झाले ते आपल्या कमाटीबागेतील संकल्पभूमी सांगते. जे शहर परदेशी शिक्षणाचा खर्च देऊ शकले, ते राहायला एक खोली देऊ शकले नाही. या गोष्टीची लाज आपण बडोदेकरांनी बाळगली पाहिजे आणि ती विसरता कामा नये.

या दोन अर्जदारांची पत्रांतून गाठही पडली. १९४६ मध्ये आंबेडकरांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जायच्या अर्जाविषयी विचारणा केली आणि ड्यू बॉईस यांनी त्यास उत्तर दिले. दोघांनीही राखीव मदत घेतली होती. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या ग्रंथांची आणि चळवळींची किंमत आज कोणालाही करता येणार नाही.

३. दार लावणारी आणि दार उघडणारी

शिष्यवृत्ती म्हणजे नेहमीच पुण्यकर्म, असे मात्र समजू नये. अमेरिकेच्या दक्षिणेकडील आणि सीमेवरील काही राज्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना परराज्यात शिकण्यासाठी पैसे देण्याची योजना काढली होती. हेतू असा, की त्यांनी आपल्या राज्याच्या गोऱ्या विद्यापीठाचे दार ठोठावू नये. मिसूरीने लॉईड गेन्स या विद्यार्थ्याला कायदा शिकण्यासाठी अशीच बाहेरची वाट दाखवली, तेव्हा १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. तरीही पुढे कित्येक वर्षे असे पैसे दिले जात राहिले. माझ्या जावयांची आजी शिक्षिका होती. तिच्या घरापासून विद्यापीठ दिसत असे. तिला मात्र राज्याने पैसे देऊन न्यूयॉर्कला पाठवले. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत लेकरांना शेजाऱ्यांकडे ठेवून, रात्रभर गाडीत बसून ती शिकायला जाई. तिच्यापाशी पदवी होती, शिष्यवृत्ती होती, आणि घरासमोरच्या दारातून आत पाऊल टाकण्याचा अधिकार नव्हता.

दार उघडणारी शिष्यवृत्ती पुढे आली. १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. १९६४ मध्ये कृष्णवर्णीय गुणवंतांसाठी राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र शिष्यवृत्ती सुरू झाली. ती २०१५ पर्यंत चालली. १९६५ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सांगितले, की वर्षानुवर्षे साखळदंडात ठेवलेल्या माणसाला शर्यतीच्या रेषेवर आणून सोडले म्हणजे न्याय झाला असे होत नाही. आणि १२ जून १९६७ रोजी लव्हिंग खटल्याच्या निकालाने आंतरवंशीय विवाहाला बंदी करणारे कायदे रद्द झाले. तोवर सोळा राज्यांत असे कायदे होते.

या दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या, हे ध्यानात घ्यावे. एका हाताने राष्ट्राने वंशावरून मदत देण्यास आरंभ केला आणि दुसऱ्या हाताने वंशांमधील विवाहाची बेडी काढली. त्या विवाहांतून जन्मलेली मुले वीस वर्षांनी महाविद्यालयाच्या दारात उभी राहिली, तेव्हा अर्जावरचा रकाना जुनाच होता. केंद्र सरकारच्या १९७७ च्या निर्देशाने वंशांचे वर्ग ठरवून दिले होते आणि त्यांतला एकच निवडायचा होता.

४. खूण कोणी करावी?

यातून उद्भवलेल्या पेचांची तीन उदाहरणे देतो.

पहिले बॉस्टनच्या अग्निशमन दलातील दोन जुळ्या भावांचे. १९७५ मध्ये त्यांनी गोरे म्हणून परीक्षा दिली आणि ते नापास झाले. १९७७ मध्ये त्यांनी स्वतःस कृष्णवर्णीय म्हणवून पुन्हा अर्ज केला आणि त्यांना नोकरी मिळाली. दहा वर्षांनी बढतीच्या वेळी कोणाच्या तरी ते लक्षात आले. आपली पणजी कृष्णवर्णीय होती, असा त्यांचा बचाव होता. १९८९ मध्ये न्यायाधीशांनी तीन कसोट्या तपासल्या : दिसणे, कागदपत्रे, आणि समाजात त्या ओळखीने वावरणे. तिन्हींत ते उतरले नाहीत. प्रकरण नोकरीचे असले तरी धडा अर्जदार विद्यार्थ्यालाही लागू पडतो. ज्या ओळखीचा भार कधी उचलला नाही, ती लाभापुरती अंगावर चढवणे ही लबाडी होय. पण त्याचबरोबर एक काटाही इथे बोचतो. शंभर वर्षांपूर्वी प्लेसींना डब्यातून उतरवायला पणजीचे रक्त पुरेसे ठरले होते!

दुसरे उदाहरण मेरीलंडचे. तेथील विद्यापीठाने १९७८ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी बेंजामिन बॅनेकर यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. बॅनेकर हे अठराव्या शतकातील स्वतंत्र कृष्णवर्णीय ज्योतिर्गणिती. राजधानी वॉशिंग्टनच्या हद्दीच्या मोजणीत १७९१ मध्ये त्यांचा सहभाग होता. त्यांनी पंचांगे छापली आणि जेफर्सनला पत्र लिहून गुलामगिरीचा जाब विचारला. त्यांची आजी गोरी इंग्रज स्त्री होती, अशी परंपरागत माहिती आहे. म्हणजे कृष्णवर्णीयांसाठीच्या शिष्यवृत्तीला ज्यांचे नाव, ते स्वतः बहुधा मिश्र रक्ताचे! या शिष्यवृत्तीला एका हिस्पॅनिक विद्यार्थ्याने आव्हान दिले. तोही अल्पसंख्याकच, पण रकान्यात न बसणारा. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल विद्यापीठाच्या विरुद्ध दिला, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला आणि पुढे ही शिष्यवृत्ती दुसऱ्या एका सर्वांसाठी खुल्या शिष्यवृत्तीत विलीन झाली.

तिसरे उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटते. २००४ मध्ये हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांनी, हेन्री लुई गेट्स आणि लॅनी ग्विनियर यांनी, एक अवघड गोष्ट बोलून दाखवली. हार्वर्डमधील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत बहुसंख्य हे वेस्ट इंडीज किंवा आफ्रिकेतून आलेल्यांची मुले आणि काही प्रमाणात मिश्र विवाहांतील मुले आहेत. ज्यांचे चारही आजी-आजोबा येथल्या गुलामांचे वंशज, अशी मुले थोडीच. मग राखीव जागा ज्या जखमेसाठी होती, त्या जखमेपर्यंत औषध पोहोचते का? हा प्रश्न विचारणाऱ्या ग्विनियरबाई स्वतः मिश्र विवाहातील कन्या. आई गोरी ज्यू, वडील जमेकन वंशाचे. वडील १९२९ मध्ये हार्वर्डमध्ये आले, तेव्हा त्यांना वसतिगृहात जागा मिळाली नव्हती आणि आर्थिक साहाय्यही मिळाले नव्हते. अखेर त्यांनी हार्वर्ड सोडले. १९६९ मध्ये हार्वर्डनेच त्यांना बोलावून नव्या आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागाचे प्रमुख केले. अशा घरातील मुलीने हा प्रश्न विचारावा, याला मी प्रामाणिकपणा म्हणतो.

दरम्यान रकानाही बदलत होता. मिश्र मुलांच्या पालकांनी 'बहुवंशीय' असा स्वतंत्र रकाना मागितला. कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनांनी त्यास विरोध केला, कारण संख्या घटली तर हक्कांच्या अंमलबजावणीचा आधारच ढासळेल अशी त्यांना भीती होती. १९९७ मध्ये तोड निघाली : स्वतंत्र रकाना नाही, पण एकाहून अधिक खुणा करण्याची मुभा. २००० च्या जनगणनेत ६८ लाख लोकांनी, म्हणजे २.४ टक्क्यांनी, ती घेतली. २०२० मध्ये ही संख्या ३ कोटी ३८ लाखांवर, म्हणजे १०.२ टक्क्यांवर गेली; प्रश्नाची मांडणी आणि मोजण्याची पद्धत सुधारल्याचाही त्यात वाटा होता. मात्र दोन खुणा करणाऱ्याला मोजायचे कोठे, हे प्रत्येक खात्याने वेगळे ठरवले. नागरी हक्कांच्या कामी गोरा अधिक कृष्णवर्णीय असा मनुष्य कृष्णवर्णीयांत धरावा असे २००० मध्ये ठरले. शिक्षण खात्याने २००७ मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी 'दोन किंवा अधिक वंश' ही वेगळी ओळ आखली. तोच मुलगा एका टेबलावर कृष्णवर्णीय, दुसऱ्यावर 'दोन किंवा अधिक'. अशा मुलाची लेखणी रकान्यापुढे थांबली, तर त्याला गोंधळलेला म्हणू नये. गोंधळ कागदाचा आहे.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाला वजन देण्याची पद्धत रद्द केली. निकाल प्रवेशाचा होता, पण त्यानंतर अनेक संस्थांनी शिष्यवृत्त्यांच्या अटीही बदलल्या. त्याच निकालात एक वाट मात्र ठेवली आहे. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिले तर ते विचारात घेण्यास हरकत नाही. या निकालाने ज्यांचे दार पुन्हा लागले त्यांचे दुःख मी कमी लेखत नाही. पण इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला दिसते ते असे, की रकान्याची जागा हकीकतीने घेतली.

५. आपल्या अंगणात

आता आपल्या अंगणात यावे. आपल्या गुजरातमधूनच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. वडील क्षत्रिय, आई नायक या आदिवासी जमातीची. मुलाला रास्त भावाचे दुकान आदिवासी म्हणून मिळाले होते. वडिलांच्या जातीवरून त्याचा दाखला रद्द झाला आणि दुकानही गेले. जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितले, की मूल बापाच्या जातीचे असे गृहीत धरता येईल, पण तो शेवटचा शब्द नव्हे. आपण आईच्या समाजात वाढलो, त्या समाजाचीच हालअपेष्टा सोसली आणि लोकांनीही आपल्याला त्याच समाजाचे मानले, हे दाखवण्याची संधी मुलाला मिळाली पाहिजे. सातासमुद्रापलीकडील न्यायाधीशांनी लावलेली तिसरी कसोटी आणि ही कसोटी किती जवळच्या आहेत, पाहा. रक्त किती, हा धन्याचा प्रश्न होता. काय भोगले आणि कोणाबरोबर भोगले, हा न्यायाचा प्रश्न आहे.

याच ठिकाणी मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्ती निधीच्या समितीवर मी होतो. एका मुलीने अर्जातील जातीचा रकाना कोरा ठेवला होता. आईवडील भिन्न जातींचे. एका घराने लग्नानंतर नाते तोडलेले. आम्ही अर्ज 'अपूर्ण' म्हणून परत पाठवला. त्या शेऱ्याखाली सही माझी होती. ती मुलगी पुन्हा आली नाही. आम्ही तिला एक शब्द मागितला होता, आणि तिच्यापाशी सांगण्यासारखे एक पान होते.

६. नातीचा प्रश्न

आता नातीच्या उलट प्रश्नाकडे येतो. गुणांवर मिळेल ते घ्यावे, असे मी म्हणताच तिने विचारले, "आजोबा, तुम्ही शिकलात ते कोणाच्या पैशावर?"

ते १९६१ साल होते. वडील नुकतेच गेले होते. मॅट्रिकनंतर पुढे शिकण्याचा प्रश्नच नव्हता. गुरुजींनी मला घरी बोलावले आणि एक छापील अर्ज पुढे केला. तो माझ्या ज्ञातीच्या निधीचा होता. दरमहा पंधरा रुपये. गुरुजी माझ्या ज्ञातीचे नव्हते, त्यांनी तो कोठून मिळवला ते मला आजही माहीत नाही. त्या अर्जात पहिलाच रकाना होता : 'ज्ञात'. मी तो भरला, आणि माझी लेखणी कणभरही थांबली नाही. माझ्या रकान्याने मला कधी डब्यातून उतरवले नव्हते, कधी खोली नाकारली नव्हती. मी केवळ जन्मावरून मिळालेले पैसे घेतले आणि साठ वर्षे स्वतःला गुणांवर शिकलेला समजत राहिलो. ज्या मुलीच्या पणजीला घरासमोरच्या विद्यापीठात पाऊल टाकता आले नाही, तिला मी गुणांचा उपदेश करत होतो.

मी तिला दुसऱ्या दिवशी फोन केला आणि हे सारे सांगितले. काय कर, ते मात्र सांगितले नाही. तिने आपले आपण ठरवले. दोन अर्जांपैकी एक, ज्यांच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही अशा मुलांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेला होता. तशी अट लिहिलेली नव्हती, तरी हेतू स्पष्ट होता. तिचे आईवडील दोघेही उच्चशिक्षित. तो अर्ज तिने भरला नाही. "हा दुसऱ्या कोणाचा आहे," एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या अर्जासोबत निबंध मागितला होता. त्यात तिने पणजीच्या रात्रीच्या गाडीची हकीकत लिहिली, आणि आपली आई बडोद्याची आहे, हेही लिहिले. काहीही लपवले नाही. तिला पुस्तकांपुरते पैसे मिळाले. तिच्या वडिलांना तिने सोडलेल्या अर्जाचे वाईट वाटले आणि तिच्या आईला भरलेल्या अर्जाचे. दोघांचीही बाजू मला समजते. माझ्या मते ती दोघांहून अधिक नेमकी वागली. आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही, याचा हिशेब तिने रक्तावरून न मांडता वाटचालीवरून मांडला.

म्हणून, विश्वस्त मंडळी, या व्यासपीठावरून माझी एक नम्र विनंती आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून ज्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांच्या अर्जात अर्धे पान कोरे ठेवावे आणि वर एवढेच छापावे : 'तुझ्या घराने शाळेपर्यंतची वाट कशी काढली, ते लिही.' सरकारी नियमांसाठी दाखला लागेल तेथे तो घ्यावा. ज्यांचा हक्क जातीच्या दाखल्यावर उभा आहे त्यांचा रकाना पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ज्या मुलाचे उत्तर एका शब्दात मावत नाही, त्याचा अर्ज अपूर्ण म्हणून परत जाऊ नये.

तो अर्ज माझ्या हाती देताना गुरुजींनी कसलाही उपदेश केला नाही. दौत पुढे सरकवली आणि एवढेच म्हणाले, "अक्षर नीट काढ." ते अर्धे पान ज्या मुलांपुढे येईल, त्यांनाही कोणीतरी असेच जवळ बसवून घ्यावे, ही माझी इच्छा आहे.